इल्तुत्मिश : एका नावाला लागलेले ग्रहण

जुन्या मराठी पुस्तकांत ‘अल्तमश’, नव्या पुस्तकांत ‘इल्तुत्मिश’. शाळेत असताना ही दोन वेगळी माणसे आहेत असा माझा समज होता. आजचा थ्रेड या एका नावावर.

१२११ ते १२३६ या काळात दिल्लीवर राज्य करणाऱ्या या सुलतानाचे ‘शम्सुद्दीन’ हे बिरुद अरबी. त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्याच्या तुर्की नावाचा. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. शब्दाच्या मध्ये आलेला ‘त’ म्हणजे एक बारीक दाता आणि वर दोन नुक्ते. असे दोन ‘त’ शेजारी आले आणि नक्कल करणाऱ्याला तुर्की येत नसले, तर एक निसटणे किती सोपे! निसटल्यावर उरलेल्या अक्षरांचे ‘अल्तमश’ झाले. तुर्कीत ‘अल्तमिश’ म्हणजे साठ. सुलतानाचे नाव साठ!

अकबरकालीन इतिहासकार बदायुनी वेगळेच सांगतो : हा मुलगा चंद्रग्रहणाच्या रात्री जन्मला, म्हणून हे नाव. अभ्यासक या कथेला हसून पुढे जातात. मला मात्र ती इतकी टाकाऊ वाटत नाही. तुर्कीत ‘तुत्’ हा धातू धरणे, पकडणे या अर्थाचा आहे, आणि चंद्रग्रहणाला तुर्की माणूस ‘चंद्र धरला गेला’ असेच म्हणतो. आपल्या ‘ग्रहण’ शब्दातही ‘ग्रह्’, म्हणजे धरणे, हाच धातू नाही का? बदायुनीपर्यंत क्रियापद शाबूत पोहोचले होते. काय धरले, ते मात्र वाटेत हरवले.

ते हरवलेले पद म्हणजे ‘इल’ किंवा ‘एल’ : राज्य, संघटित प्रजा. इल-तुत्-मिश, म्हणजे ज्याने राज्य धरून ठेवले तो. हा जोड दिल्लीत जन्मलेला नाही. आठव्या शतकातील उइगुर खागान बोगू याच्या लांबलचक राजपदवीत ‘इल तुत्मिश’ हे शब्द येतात. त्याच्या आधीच्या खागानाच्या पदवीत ‘इल एत्मिश’, म्हणजे राज्य रचणारा, असे आहे. म्हणूनच सायमन डिग्बी यांनी १९७० मध्ये ‘इलेत्मिश की इल्तुत्मिश’ हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला. माझा कल ‘इल्तुत्मिश’कडे आहे, कारण बदायुनीच्या ग्रहणकथेचा उलगडा ‘तुत्’ धातूनेच होतो, ‘एत्’ने नाही.

येथवर ठीक. पण यापुढे जाऊन ‘नावातच राज्य होते, म्हणून गुलामाचा सुलतान झाला’ असे जे हौसेने लिहिले जाते, त्याला माझा ठाम विरोध आहे. तुर्की नावे पुष्कळदा आईबापांची इच्छा असतात. सुवर्ण टोळीचा खान तोख्तमिश. त्याच्या नावाच्या मुळाशी ‘थांबणे, टिकणे’ हा धातू आहे. मूल टिकावे, एवढीच त्या नावामागची इच्छा. आपल्याकडे ‘धोंड्या’, ‘दगडू’ ही नावे ठेवतात त्यामागची भीती याहून फार वेगळी नाही. जुझजानी लिहितो की इल्तुत्मिशला त्याच्या मत्सरी भावांनी घोड्यांचा कळप दाखवण्याच्या मिषाने नेले आणि विकून टाकले. पुढे बुखारा, गझनी, दिल्ली अशी त्याची खरेदी-विक्री झाली. त्या बाजारांत अशीच भारदस्त नावे घेऊन किती मुले उभी राहिली असतील? त्यांच्या नावांचे अर्थ कोणी शोधत नाही, कारण ती सुलतान झाली नाहीत.

आणखी एक दुखणे. त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १२७६ मध्ये, दिल्लीजवळ पालम येथील बारवेच्या संस्कृत शिलालेखात सुलतानांची नामावळी कोरली गेली. लिपी नागरी, एकही स्वर न गाळणारी. आपला सगळा वाद त्या एका ओळीत मिटला असता. पण लेखकाने तेथे बिरुदावरच भागवले आहे : ‘समसदीन’.