सोयाबीनची पेर : दाट कीं बेताची?

मृगाचा पाऊस पडला म्हणजे सोयाबीनच्या पेरणीची एकच घाई उडते. बीं उगवेल कीं नाहीं या धास्तीनें पुष्कळ शेतकरी शिफारशीच्या एकरीं ३० किलोंहून बरेंच अधिक बीं मातींत टाकतात. ही धास्ती निराधार नव्हे. सन २०२० च्या खरिपांत आपल्या प्रांतांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी फार झाल्या होत्या. परंतु दाट पेर हा तिजवरचा उपाय नव्हे, असें आमचें मत आहे.

सोयाबीनचें झाड जागेच्या मानानें वाढतें. जागा मोकळी असली तर त्यास फांद्या व शेंगा अधिक येतात. दाटी झाली तर तें उजेडासाठीं उंच व बारीक होतें, खालचीं फुलें गळतात आणि वाऱ्यापावसांत पीक लोळतें. म्हणून एका मर्यादेपुढें झाडें वाढलीं तरी धान्य वाढत नाहीं. फार विरळ पेरही वाईटच. जमीन लवकर झांकली जात नाहीं व तण माजतें.

दोन ओळींत ४५ व दोन रोपांत ५ सेंटीमीटर अंतर ठेवल्यास एकरांत सुमारें १ लाख ८० हजार झाडें बसतात. शंभर दाणे १२ ग्रॅम भरत असतील तर ३० किलोंत अडीच लाख दाणे येतात. शेंकडा ७० उगवले तर पावणेदोन लाख रोपें मिळतात. हिशेब जुळला. परंतु दाणा बारीक, शंभरास १० ग्रॅम, व उगवण शेंकडा ९० असल्यास तितक्याच वजनांत २ लाख ७० हजार रोपें होतील. म्हणजे दाटी दीडपट! तेव्हां केवळ वजनावर विसंबून चालत नाहीं.

सोयाबीनच्या दाण्याचें साल नाजूक असतें. मळणींतील मार व पोत्यांची आदळआपट यांनीं उगवण घटते. यास्तव बीं घरचें असो वा विकतचें, शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे व पांचसहा दिवसांनीं निकोप मोड मोजावे. सत्तरांहून थोडे कमी भरल्यास त्या मानानें बीं वाढवावें. फारच कमी भरल्यास तें पेरूंच नये.

या परीक्षेस खर्च कांहींच नाहीं. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक शेतकरी बंधूनें ती करावी, आणि दोन गुंठे बेताचे व दोन गुंठे दाट पेरून दोहोंचें धान्य वेगळें तोलून पाहावें, अशी आमची विनंती आहे.