न विचारलेल्याची संमती

लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रॅम शँडी' या कादंबरीत पाच वर्षांच्या नायकाची सुंता अपघाताने होते. खिडकीची शिशाची वजने काकांच्या लुटुपुटीच्या तोफांसाठी काढून नेलेली असतात. वर सरकवलेली चौकट धाडकन खाली येते. पोर आकांत करते आणि वडील, वॉल्टर शँडी, ग्रंथ शोधायला जातात. प्राचीन काळी कोणकोणत्या लोकांत ही चाल होती हे वाचून त्यांचे समाधान होते. वर्गात हे प्रकरण विनोद म्हणून शिकवले जाते, आणि ते विनोदी आहेच. अमेरिकेतील नवजात मुलग्यांच्या सुंतेविषयीचा वाद वाचताना मात्र आम्हांला ते ग्रंथ चाळणारे वडील पुन्हा पुन्हा आठवतात.

ही सुंता धर्माची नव्हे. ज्यू परंपरेत ती आठव्या दिवशी होते. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांनी इतर ज्यूंपासून दूर, मराठी बोलत आणि तेलाचे घाणे चालवत, ती शतकानुशतके जपली. तेथे कारण उघड सांगितलेले असते. ते पटो वा न पटो, ते दर पिढीला बदलत नाही. अमेरिकी रुग्णालयात 'नित्याची' म्हणून होणाऱ्या सुंतेचे नेमके उलट झाले: कृती तीच राहिली, कारणे बदलत गेली. 1870 मध्ये न्यूयॉर्कचे शल्यविशारद लुइस सेयर यांनी पाय लुळे पडलेल्या एका मुलावर हा उपचार केला आणि गुण आल्याचे जाहीर केले. 1888 मध्ये जॉन हार्वी केलॉग यांनी (न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्समुळे घरोघरी पोहोचलेले तेच) हस्तमैथुनावर उपाय म्हणून ती सुचवली, आणि वेदनेने शिक्षेचे काम व्हावे म्हणून भूल देऊ नये असेही लिहिले. पुढे स्वच्छता आली, कर्करोग आला, एचआयव्ही आला. एखाद्या पात्राने एकाच कृत्याची इतकी कारणे दिली असती, तर आपण त्या निवेदकावर विश्वास ठेवला असता का?

तरीही शेवटचे कारण झटकून टाकण्यासारखे नाही. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील चाचण्यांत सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेतली. पण त्या चाचण्यांतले पुरुष प्रौढ होते. त्यांना विचारले गेले होते. लैंगिक संसर्गापासूनचे संरक्षण नवजात बालकाला त्या आठवड्यात लागत नाही. लहानपणीच मिळणारा लाभ म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गाची घटलेली शक्यता. तो संसर्ग मुलग्यांत विरळा आणि प्रतिजैविकांनी बरा होणारा. 2012 मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने लाभ धोक्यांहून अधिक असल्याचे म्हटले, मात्र सरसकट शिफारस करण्याइतके ते मोठे नाहीत असेही म्हटले, आणि निर्णय पालकांवर सोपवला.

आमचा आक्षेप या सोपवण्याला आहे. पालक मुलाच्या वतीने ठरवतात ते थांबता येत नाही म्हणून. लस पुढे ढकलली तर गोवर थांबत नाही. ही त्वचा थांबू शकते. विश्वस्ताने ठेव सांभाळावी. मालक सज्ञान होण्याआधी तिच्यातला तुकडा मोडू नये. अमेरिकेत बाळंत होणाऱ्या मराठी जोडप्यालाही हा प्रश्न विचारला जातो, आणि बहुधा ते नकार देते. त्याचे श्रेय आम्ही विचाराला देणार नाही. आपल्याकडे ती रीत नाही, एवढेच. बारशाच्या आसपास रडणाऱ्या बाळाचे कान टोचताना आपणही त्याला विचारत नाही. (कानाचे भोक बुजू शकते, हा फरक खरा, पण टोचताना तो कुणाच्या मनात असतो?)

धर्माच्या सुंतेबाबत आमचा हात एवढा मोकळा चालत नाही. 2012 च्या मे महिन्यात जर्मनीतील कोलोनच्या न्यायालयाने एका चार वर्षांच्या मुसलमान मुलाची सुंता ही शारीरिक इजा ठरवली. ज्यू आणि मुसलमान दोघेही हादरले. त्या देशाच्या इतिहासाकडे पाहता ते स्वाभाविकच होते. डिसेंबरात संसदेने कायदा करून पालकांचा अधिकार मान्य केला. गंमत अशी की त्या कलमात पालकांवर धर्माची अट नाही. श्रद्धावंतांसाठी उघडलेल्या त्या दारातून, ज्यांच्याकडे 'वडिलांचीही झाली होती' याखेरीज कारण नाही, तेही आत येऊ शकतात.