हातचा खरोखर हातात
दुसरीच्या वर्गात फरशीवर बसून मुलं गठ्ठ्यांचा खेळ खेळतात, तेव्हा माझा पाय तिथून निघत नाही. फासा टाकायचा, पडेल तेवढ्या आइसक्रीमच्या काड्या उचलायच्या, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा करायचा. ज्याचे पाच गठ्ठे आधी, तो जिंकला. एका मुलीजवळ आठ सुट्या काड्या होत्या आणि पडले पाच. ती पाची काड्या मुठीत धरून क्षणभर थांबली, दोन काढून आठांत सरकवल्या, गठ्ठा बांधला, उरलेल्या तीन समोर मांडल्या. बेरजेतला 'हातचा' म्हणतात तो हाच, आणि तो खरोखर तिच्या हातात होता! मराठी मुलांना तर या खेळाची गरज जास्तच. 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. मूल ऐकलं तसं इमानदारीने 25 लिहितं आणि लाल फुली खातं. 'एकोणसाठ'मध्ये तर पाच कुठे ऐकूच येत नाहीत. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' असंही वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना पुन्हापुन्हा समजावून सांगावं लागलं. मला दोन्ही वाचनं हवीत, पण त्याआधी पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हव्यात. आणि कृपा करून या खेळाला घड्याळ लावू नका. वेळ मोजायला लागलं की चटपटीत दोघं-तिघंच जिंकतात, बाकीची मुलं काड्या सोडून त्यांच्याकडे बघत बसतात.