प्रतीक्षागृहाच्या भिंतीवरील विमान

रुग्णाचे नाव व तारीख नसलेले क्ष-किरण चित्र कितीही सुस्पष्ट असले, तरी त्यावरून निदान करण्यास आपण धजत नाही. जुन्या विमानांची छायाचित्रे हौसेने जमवून प्रतीक्षागृहात लावणाऱ्या व्यवसायबंधूंनी हीच शिस्त भिंतीवरही पाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पेडणे व डिचोलीतील काही दवाखान्यांत मी अशी चित्रे पाहतो. चौकट उत्तम असते, परंतु विमान कोणते, साल कोणते, याचा पत्ता नसतो.

राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ चे छायाचित्रच घ्या. ऑर्व्हिलने कॅमेरा तिकाटण्यावर रोखून ठेवला आणि कळ दाबण्याचे काम किनाऱ्यावरील जीवरक्षक जॉन डॅनियल्स यांच्यावर सोपविले. त्यांनी कॅमेरा पूर्वी कधी हाताळलेला नव्हता! उड्डाण १२ सेकंदांचे, अंतर १२० फूट. त्याच दिवशी चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याच्या झोताने ते विमान उलथून मोडले व पुन्हा कधीच उडाले नाही. काचेची मूळ प्रत १९१३ च्या डेटनच्या पुरात सापडली. तिचा एक कोपरा तुटला. हा तुटका कोपरा पुसून गुळगुळीत केलेल्या प्रतीपेक्षा तो दाखविणारी प्रत मला अधिक मोलाची वाटते.

याउलट, १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा आपल्याला प्रिय आहे. त्या उड्डाणाचे समकालीन छायाचित्र मात्र आजवर पुढे आलेले नाही. ‘वैमानिक शास्त्रा’तील आकृत्यांप्रमाणे बांधलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली मांडला. अशा आकृतीखाली ‘१८९५’ लिहून ती टांगणे म्हणजे दुसऱ्याच रुग्णाचा अहवाल जोडणे होय. अभिमानासाठी आपल्याकडे पुराव्याची उड्डाणे आहेतच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले होते.

खरेदी करताना भिंग जवळ ठेवावे. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छापखान्यातील प्रत. तिला मूळ छायाचित्राची किंमत देऊ नये. काच कागदाला चिकटू देऊ नये, अन्यथा आपल्या पावसाळ्यात बुरशी हमखास धरते.

परंतु माझा खरा आग्रह निराळाच आहे. परदेशी विमानांची चित्रे कुठेही मिळतील. १९५५ पासून १९६१ पर्यंत दाबोळीवरून पोर्तुगीज इंडियाची विमानसेवा चालत असे. तिच्यापुढे उभे राहून काढलेली छायाचित्रे गोमंतकातील घरांच्या पेट्यांत असू शकतील. मोपाच्या पठारावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. त्यापूर्वीचे ते पठार, तेथील काजूची झाडे आणि गुरांच्या वाटा यांची छायाचित्रे कोण जमविणार? मोपा, वारखंड, कासारवर्णे येथील वृद्ध आपल्याकडे रक्तदाब तपासण्यासाठी येतातच. त्यांना विचारावे, परवानगीने प्रत काढावी, मूळ चित्र त्यांना परत द्यावे, आणि प्रतीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने स्थळ, साल व सांगणाऱ्याचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवावे.