जीर्णोद्धार की नवनिर्मिती?

ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे १९६२ सालची एक फेरारी २५० जीटीओ मोटार लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरांना विकली गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याच कुळातील दुसऱ्या मोटारीने ५ कोटी १७ लाख डॉलरांपर्यंत मजल मारली. धनिकांच्या हौसेला मोल नसते, हीच सामान्य माणसाची यावरील पहिली प्रतिक्रिया असणार, आणि ती सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही. १९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाले आणि आधीच चढू लागलेले या मोटारींचे भाव भडकले. मोटारींविषयी ज्यांना काडीची आस्था नव्हती असे सटोडियेही बाजारात उतरले. १९९० नंतर हा फुगा फुटला आणि अनेकांचे हात पोळले. तथापि केवळ सट्टा म्हणून हा विषय निकालात काढणे योग्य होणार नाही. भूतकाळातील एखादी वस्तू जतन करायची म्हणजे नेमके काय जतन करायचे, हा यातील खरा प्रश्न आहे.

प्रथम, मूल्य कशाचे होते ते पाहिले पाहिजे. तीन लिटर इंजिनाच्या २५० जीटीओ मोटारी १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ तयार झाल्या. परंतु दुर्मिळता हे किमतीचे एकमेव कारण नव्हे. सांगाडा, इंजिन आणि गिअरबॉक्स यांवरील क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळतात काय, मोटार कोणत्या शर्यतींत धावली, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, या प्रश्नांच्या उत्तरांवर किंमत ठरते. ग्राहक येथे धातूला नव्हे, तर पुराव्याला पैसे मोजतो. पुराव्याला एवढी किंमत आली की तो बनवण्याचा मोहही ओघानेच येतो. जुन्या सांगाड्याचा एखादा अवशेष, त्यावरील क्रमांक आणि त्याभोवती उभारलेली जवळजवळ संपूर्ण नवी मोटार, हा प्रकार या व्यवसायाला अपरिचित नाही.

उघड बनवेगिरी निषिद्ध आहे, याबद्दल दुमत नाही. अधिक नुकसान होते ते सद्हेतूने केलेल्या जीर्णोद्धारामुळे. मोडेना येथे सेर्जिओ स्कालिएत्ती यांच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचे पत्रे हातोडीने ठोकून, बऱ्याच अंशी नजरेच्या अंदाजाने आकारास आणले जात. त्यामुळे एकाच मालिकेतील दोन मोटारी तंतोतंत सारख्या नसत. एकाच मोटारीच्या डाव्या आणि उजव्या बाजूंतही किंचित फरक राहत असे. आजचा कारागीर अचूक मापे घेऊन हा फरक ‘दुरुस्त’ करतो, मूळ रंग खरवडून काढतो आणि कारखान्यातून कधीच बाहेर पडली नव्हती इतकी चकचकीत मोटार मालकाच्या स्वाधीन करतो. मालक प्रसन्न होतो. परंतु त्या हातोडीची खूण मात्र कायमची पुसली गेलेली असते. जुन्या पोथीतील अक्षरे पुसट झाली म्हणून ती नव्या शाईने गिरवावी, तसाच हा उद्योग आहे.

याची जाणीव आता होऊ लागली आहे, ही समाधानाची बाब होय. फ्रान्समधील रोजे बायॉं यांनी जमवलेल्या मोटारी सुमारे अर्धशतक धूळ खात पडून होत्या. त्यांत जुन्या मासिकांच्या ढिगाखाली दबलेली, एकेकाळी अभिनेते आलॅं दलों यांच्या मालकीची असलेली १९६१ सालची एक फेरारी सापडली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती आहे त्या स्थितीत १ कोटी ६० लाखांहून अधिक युरोंना विकली गेली. धूळही इतिहासाचा भाग ठरू शकते, हे बाजारानेच मान्य केले. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेली ट्युरिन सनद हेच तत्त्व सांगते. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये जी व्हेनिस सनद तयार झाली, तिच्या धर्तीवरच ही सनद बेतलेली आहे.

अर्थात, याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागेल. मोटार हे यंत्र आहे. ते चालले नाही तर रबर कडक होते, तेलाच्या वाटा तुंबतात, ब्रेकच्या नळ्या कुजतात. साठ वर्षांपूर्वीच्या टायरवर वेगाने जाणे ही इतिहासनिष्ठा नसून आत्मघात होय. म्हणून कशालाही हात लावू नये, हा आग्रहही टोकाचा ठरेल. आवश्यक तेवढेच बदलावे, काढलेला भाग जपून ठेवावा, आणि काय, केव्हा, का बदलले याची प्रामाणिक नोंद ठेवावी, हाच विवेकाचा मार्ग आहे.

या संदर्भात मूळ कारखान्यांची जबाबदारी मोठी आहे. फेरारीचा स्वतंत्र विभाग आणि २०१५ मध्ये स्थापन झालेली लॅम्बोर्गिनीची ‘पोलो स्तोरिको’ ही शाखा जुन्या मोटारींची दुरुस्तीही करतात आणि त्यांना अस्सलतेचे प्रमाणपत्रही देतात. जुने दप्तर त्यांच्यापाशी असल्याने त्यांच्या शब्दाला वजन आहे. परंतु दुरुस्ती करणारा आणि निवाडा देणारा एकच असावा काय, हा प्रश्न रास्त आहे. मात्र याच शाखेने एक चांगला पायंडाही पाडला आहे. काउंटाशचा पहिला नमुना १९७४ मध्ये सुरक्षा चाचणीत नष्ट झाला होता. एका ग्राहकासाठी २५ हजारांहून अधिक तास खर्चून तो २०२१ मध्ये पुन्हा घडवण्यात आला. पण ती नवनिर्मिती आहे, हे उघडपणे सांगण्यात आले.

जीर्णोद्धार आणि नवनिर्मिती यांतील सीमारेषा ती हीच. नवे घडवण्यात कमीपणा नाही. नव्याला जुने म्हणण्यात आहे. कोट्यवधी डॉलर मोजणाऱ्याला मोटारीची मालकी मिळते. तिच्या इतिहासाचा मात्र तो केवळ विश्वस्त असतो, आणि विश्वस्ताने हिशेब चोख ठेवलाच पाहिजे.