चोर पोथीत बसलाय

गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमाऱ्याच्या नावातच चोर आहे. खरा चोर मात्र पोथीत बसलाय. लेणं दिसलं की म्हणे पांडवांनी खोदलं! वनवासातले पाच भाऊ काय गावोगाव छिन्नी घेऊन हिंडत होते?

१९९९ पर्यंत गोंदिया भंडाऱ्यातच होता. त्याच भंडाऱ्यातली पवनी घ्या. लोक म्हणायचे जगन्नाथ टेकडी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठानं आणि पुरातत्त्व खात्यानं कुदळ मारली. पोटातून निघाला दोन हजार वर्षांहून जुना स्तूप. दगडावर ब्राह्मी अक्षरं, आणि मुचलिंद नाग, नावासकट.

सोपाऱ्याचा ढिगारा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उघडला. सोन्याची फुलं, ब्राँझच्या आठ मूर्ती निघाल्या. तोवर लोक त्याला म्हणत बुरूड राजाचा कोट! बुद्ध विसरले, पण राजा केला तो टोपल्या विणणारा.

म्हणजे दंतकथांनाही जात असते, दोस्तहो. एक लुटते, एक राखते.

तेव्हा टेकडीवर जाऊन नुसती मेणबत्ती लावून परतू नका. ब्राह्मी शिका, दगड वाचा. नाहीतर उद्या कुणीही येऊन शेंदूर फासेल, आणि आपणच हात जोडून रांगेत उभे राहू.