पणजोबांची आठवण, घासलेली!

टेक्सासला दादाकडे गेले होते. त्याने नुकतीच जुनी वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतली होती, तीही फुल भावाने! मार्क ६, १९१५ चं मॉडेल. आमचे सुभेदार पणजोबा मेसोपोटेमियात लढले. फोटोत त्यांच्या कमरेला अशीच आहे.

‘‘पॉलिश मारतो, भाव वाढेल,’’ दादा म्हणाला. शेजारचे कलेक्टर अंकल ओरडलेच. मूळ मुलामा गेला की किंमतही गेली! रिकामी असल्याची खात्री करून त्यांनी नंबर जुळवले, नळीत गंजाचे खड्डे शोधले. सिलिंडर पाहून मात्र चेहरा पडला. .४५ एसीपी गोळ्या बसाव्यात म्हणून कुणीतरी तो मागून घासला होता. कलेक्टरांच्या लेखी व्हॅल्यू धडाम!

‘‘विकणार?’’ मी विचारलं.

दादाने फोटोकडे पाहिलं. ‘‘वेडी का गं?’’

तुम्ही मात्र पैसे मोजण्याआधी सिलिंडर मागून बघा, बॉस!